डबा पोचला

माझी सून सोनिका कंपनी काढणार होती. कशाची, ते अजून ठरायचं होतं.

कंपनीचं नाव ठरलं होतं. त्या नावाची रंगीत पाटी तिच्या मोबाईलमध्ये तयार होती. फक्त ही कंपनी काय करणार, एवढंच राहिलं होतं. "बारसं झालं, आता लेकरू व्हायचं बाकी आहे," असं मी सत्यवतीला म्हणायचो आणि ती मला डोळे दाखवायची, कारण सून आतच असायची. सत्यवती माझी बायको. ती सुनेची बाजू घ्यायची आणि मी सुनेची थट्टा करायचो, असं आमच्या घरात कामाचं वाटप होतं.

खरं तर ती थट्टेची गोष्ट नव्हती. सोनिका बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात कॅन्टीन सांभाळायची. पाळीपाळीनं येणारी शेकडो माणसं तिच्या देखरेखीखाली जेवून जायची. मग कारखान्यानं कॅन्टीन बाहेरच्या ठेकेदाराला दिलं आणि हिला घरी बसवलं. माझा मुलगा सौरव तिथंच दुसऱ्या कारखान्यात आहे, त्यामुळे घर चालत होतं. पण ही पोरगी आतून विझत चालली होती. एका दुपारी मेथी निवडता निवडता ती सासूला म्हणाली, "आई, मी माह्यं काही उभं नाही केलं ना, तर अशीच भाजी निवडत म्हातारी होईन." मी बाहेर पेपर वाचत होतो. ते ऐकून माझं वाचनावरचं लक्ष उडालं.

सौरवनं तिला दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोवर काही जमलं तर ठीक, नाही तर पुन्हा बुटीबोरी. तिनंही ते कबूल केलं.

मग घरात रोज नवा धंदा निघू लागला. आधी संत्र्याची बर्फी. नागपुरात संत्र्याची बर्फी विकायची म्हणजे तलावात पाणी ओतायचं, असं मी म्हणालो आणि सत्यवतीनं मला चहा दिला नाही. मग कूलरच्या वाळ्याच्या ताट्या घरोघर जाऊन बदलून द्यायचं ठरलं, ते उन्हाळा संपला की काय, या प्रश्नावर अडलं. मग गच्चीवरची भाजी, मग म्हाताऱ्यांना बँकेत नेऊन आणणं. हे शेवटचं सांगताना तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, तेव्हा मी उठून फिरायला गेलो.

तिनं नवउद्योजकांचा एक वर्गही लावला. तिथल्या सरांनी सांगितलं होतं की धंदा डोक्यात शोधू नका, लोकांचं दुखणं शोधा; जिथं दुखतं तिथं धंदा असतो.

"मंग दवाखाना काढ वं," मी म्हणालो.

"बाबा, तुम्ही हासा. मले सापडन एक दिवस."

चैत्रात सत्यवती गेली. सकाळी कूलरमध्ये पाणी भरत होती, पाइप हातात होता, आणि तशीच खाली बसली. मी आतून ओरडलो की पाणी वाहून राहिलं, नळ बंद कर. तिनं काही केला नाही. एवढंच झालं. मोठं आजारपण नाही, दवाखाना नाही. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मला तिनं कधी वाट पाहायला लावली नव्हती, तशी याही वेळी लावली नाही. याचा मला अजून राग येतो.

आमच्याकडे मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, सगेसोयरे जेवण करून आणतात, पिठलं आणि ज्वारीची भाकर, फार तर वरण-भात. तळलेलं नाही, गोड नाही. त्याला कडू घास म्हणतात. आणणारा नुसतं ठेवून जात नाही. तो बसतो, स्वतःच्या हातानं वाढतो, आणि घरच्यांनी घास गिळल्याशिवाय उठत नाही. ही आमची रीत. ती कुणी शिकवत नाही, माणूस मोठा होता होता शिकतो.

तर आमच्या सक्करदऱ्याच्या घरी रीतीप्रमाणे जेवण आलं. पहिल्या दिवशी इतकं आलं की ठेवायला जागा नव्हती. समोरच्या प्रयागबाईंनी आणलं, मागच्या गल्लीतून आलं, सौरवच्या सासुरवाडीहून आलं. सगळ्यांचं पिठलंच. बाहेर ऊन असं की संध्याकाळपर्यंत त्यातलं अर्धं आंबलं. तीन-चार दिवसांनी मात्र प्रत्येकाला वाटलं की दुसरा कुणी आणत असेल, आणि कुणीच आणलं नाही. गावाहून आलेली माझी बहीण साखरेच्या आजाराची गोळी हातात घेऊन बसून राहिली, कारण गोळीनंतर खायला घरात काही नव्हतं. मला यातलं काही दिसलं नाही. मी कुठं पाहत होतो, मला माहीत नाही. सोनिकानं पाहिलं.

तेरवी आटोपली, पाहुणे गेले, आणि एका सकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मले धंदा सापडला."

मयत झालेल्या घरी जेवण पुरवायचं. फोन एकानं करायचा, मग तेरवीपर्यंत आपण सांभाळायचं. माणसं किती, म्हातारं कोण, साखर कुणाला, दूधपितं लेकरू आहे का, हे विचारायचं. रोज ताजं, रोज वेगळं, पण रीतीत बसणारं. नासायचं नाही आणि कमी पडायचं नाही. ती भराभर बोलत होती आणि तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत नसलेली जान होती. मला ती जान सहन झाली नाही.

"तुही सासू दारात होती, अन् तू धंदा पाहून राहिली होती?"

 मला वाटलं, रडेल. रडली नाही.

"हो बाबा, पाहून राहिली होती. भाकरी नासत होत्या अन् आत्या उपाशी बसल्या होत्या. मी नाही पाहायचं तर कोणं पाहायचं? तुम्ही तर भिंतीकडे पाहून राहिले होते."

त्यानंतर मी बरेच दिवस तिच्याशी बोललो नाही. माझ्या बायकोचं मरण म्हणजे हिच्यासाठी नमुना झाला, असं मला वाटत राहिलं आणि ते माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. जेवण मात्र तिच्याच हातचं जेवत होतो. माणूस असाच असतो.

धंदा चालला. चालणारच होता. फ्लॅटमधल्या लोकांना पिठलं करता येतं, पण कामावर जायच्या आधी पंधरा माणसांच्या भाकरी कोण थापणार? नवरा-बायको दोघं नोकरीवर, शेजाऱ्याचे वडील गेले, काहीतरी करायला तर हवं. अशांना सोनिकाचा नंबर म्हणजे देवानंच पाठवल्यासारखा वाटला. सोसायट्यांच्या मोबाईलवरच्या ग्रुपांत तो नंबर फिरू लागला. तिनं दोन बाया मदतीला घेतल्या. डबे पोचवायला एक गाडी ठरवली. मागच्या अंगणात पत्र्याखाली मोठी शेगडी आली. जेवण खरोखर चांगलं होतं, मऊ, साधं, पोटाला न बाधणारं. दुःखातल्या माणसाच्या घशातून काय उतरतं आणि काय अडकतं, हे तिला कळत होतं. मी हळूहळू बोलायला लागलो. आधी शेगडीच्या सिलिंडरबद्दल, मग बाकीचं.

श्रावणात जितेंद्र आला. हा सौरवचा कॉलेजातला मित्र. त्याचं लग्नकार्याच्या जेवणाचं मोठं काम आहे, चार गाड्या आहेत, आणि बोलताना तो मांडीवर थाप मारतो. त्यानं सोनिकासमोर सगळा आराखडा मांडला. स्वयंपाकघर त्याचं, गाड्या त्याच्या, भांडवल त्याचं, डोकं हिचं. कन्हानपासून बुटीबोरीपर्यंत कुठंही, फोन केल्यापासून थोड्या वेळात डबा दारात.

"वहिनी, लोकायले दुसरं काही नाही पाहिजे. बसल्या जागेवरून काम झालं पाहिजे. पोळा झाला की कागद करून टाकू."

त्या संध्याकाळी सोनिकानं सत्यवतीच्या फोटोला हार घातला. हार रोज घालायची, पण त्या दिवशी जास्त वेळ उभी होती. मी पाहिलं आणि मनात म्हणालो, झालं, पोरीचं लेकरू एकदाचं जन्माला आलं.

त्याच आठवड्यात कन्हानहून फोन आला. अंकुशरावांचे थोरले भाऊ गेले.

अंकुशराव आणि मी कोळसा खाणीत एका पाळीला होतो. एका दिव्याच्या उजेडात आम्ही वर्षं काढली. हे दोघं भाऊ कन्हानच्या वसाहतीजवळ एका घरात राहत. थोरल्यानं लग्न केलं नव्हतं आणि अंकुशची बायको केव्हाच गेली होती. आम्ही जुने खाणीतले लोक एकमेकांशी फोनवर बोललो आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की अंकुशकडे तेरवीपर्यंत सोनिकाचा डबा लावायचा. मला मोठं समाधान वाटलं. सुनेचा धंदा माझ्या मित्राच्या कामी आला. मयतीला मी जाऊन आलो. मग मनात म्हटलं, आता रोज कायले जायचं, डबा तर आपल्याच घरून जाऊन राहिला. रोज दुपारी मी अंकुशला फोन करायचो. डबा पोचला काय? पोचला, म्हणायचा. मी फोन ठेवायचो.

काही दिवसांनी कामठीला एक काम निघालं, तसा पुढं कन्हानला गेलो.

अंकुशच्या पडवीत सतरंजी अंथरलेली होती. बसायला येणाऱ्यांसाठी अंथरतात तशी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तिच्यावर कुणी नव्हतं. एका टोकाला अंकुश भिंतीला पाठ लावून बसला होता. दाराजवळ स्टुलावर आमचा डबा होता, झाकणासकट.

"ये गा वामन," तो म्हणाला. "बस."

मी बसलो. "जेवला नाही काहून?"

"जेवीन. चांगलं असते गा तुह्या सुनेच्या हातचं. येळेवर येते."

"कोण कोण येऊन गेलं?"

त्यानं विचार केला. खरोखर विचार केला, आठवून पाहिल्यासारखा.

"डबा आला," तो म्हणाला.

मग तोच बोलला, तक्रार करत नव्हता, हवापाण्याचं सांगावं तसं सांगत होता. "फोन येतेत सगळ्यायचे. इचारतेत, डबा पोचला काय? म्हणतो, पोचला. मंग ठेवतेत. भाऊ अन् मी रात्री जेवताना भांडत होतो गा, पाण्याच्या नळावरून. आता डबा उघडला की तेच आठवते. म्हणून उघडायले होत नाही."

वसाहतीत त्या घराच्या दोन्ही अंगांना घरं आहेत. समोर पानठेला आहे. आधी अशा घरी आठ-दहा माणसं तरी बसलेली असत, बिड्या ओढत, उगाच पावसाबद्दल बोलत. जेवण घेऊन जायचं हे निमित्त असतं, हे माझ्यासारख्या माणसाला सत्तरी ओलांडल्यावर कन्हानच्या त्या सतरंजीवर कळलं. हातात काही नसताना मयतीच्या घरी जायला पाय उचलत नाही. डब्याच्या जोरावर माणूस आत शिरतो. तो डबाच आम्ही काढून घेतला होता. बाकीच्यांचं सोडा, माझे पाय मलाच कन्हानपर्यंत घेऊन आले नव्हते.

मी डबा उघडला, त्याला वाढलं, आणि तो जेवेपर्यंत थांबलो. मग परत आलो.

सोनिका अंगणात डबे पुसत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती चिडली. तिनं चिडायला नको होतं असं मी म्हणणार नाही.

"लोक जात नाहीत, तो काय माहा दोष आहे बाबा? मी जेवण देते. मी कोणाले जाऊ नका म्हणून सांगतलं काय?"

"नाही सांगतलं."

"मंग?"

"मंग काही नाही. मी जे पाह्यलं ते सांगतलं."

ती आत गेली. पण दुसऱ्या दिवशी तिनं एकेक फोन लावायला घेतला. ज्या ज्या लोकांनी डबे लावले होते, त्यांना विचारत होती, जेवण कसं होतं, काही कमी पडलं का, तुम्ही तिकडं गेला होता का. मी खाटेवर पडून ऐकत होतो. सगळे तारीफ करत होते. एका बाईंचा आवाज इतका खणखणीत होता की फोनमधून मला इथवर ऐकू आला. "लय सोय झाली ताई तुमची. आम्हाले जावं नाही लागलं."

सोनिकानं फोन खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही. बराच वेळ ती त्या पुसलेल्या डब्यांकडे पाहत बसली. तिच्या धंद्याला इतकं चांगलं प्रमाणपत्र कुणी दिलं नव्हतं आणि तिला ते ऐकवत नव्हतं. मला तिची दया आली. मनापासून आली. कन्हानला गेलोच नसतो तर बरं झालं असतं, असंही क्षणभर वाटलं.

पोळ्यानंतर जितेंद्र कागद घेऊन आला, तेव्हा तिनं त्याला सांगितलं की डबा आता दारात पोचवायचा नाही. जेवण आपण करू, चांगलं करू, पण ज्यानं सांगितलं त्यानं इथं येऊन घेऊन जायचं आणि स्वतः त्या घरी न्यायचं. कुणी न्यायला येणार नसेल तर डबा नाही.

जितेंद्रची थाप मांडीवर पडायची राहून गेली. "वहिनी, डोकं फिरलं काय? लोक जेवणाले नाही बोलावत तुम्हाले. जावं लागू नये म्हणून बोलावतेत. तेच काढून टाकाल तर राह्यलं काय?"

"तेच पाहून राहिली मी, काय राहते ते," ती म्हणाली.

तो गेला. सौरव तिच्यावर ओरडला, मग माझ्यावर ओरडला, मग गाडी काढून चौकात जाऊन आला. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. ठरत आलेलं काम बायको पायानं लाथाडते, तेव्हा नवऱ्यानं ओरडायचं नाही तर काय करायचं?

त्यानंतर फोन कमी होत गेले. "न्यायला कोण येणार?" असं सोनिका विचारायची आणि समोरचा म्हणायचा, सांगतो. काही जण आले. एक बँकेतला माणूस आला, डबा स्कूटरला लावताना विचारत होता की तिथं जाऊन काय बोलायचं असतं. पण असे थोडे. मदतीच्या बायांपैकी एक सुटली, मग दुसरी. शेगडी पावसात गंजायला लागली, तिच्यावर मी पोतं टाकलं. दसरा गेला. दिवाळी अंगणात येऊन उभी राहिली आणि सौरवनं बुटीबोरीच्या एका ठेकेदाराशी बोलून ठेवलं. सकाळी दहाला भेटायला जायचं होतं.  सोनिकानं निळी साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवली. त्या साडीकडे पाहून मला वाटलं की चैत्रापासून या घरात दुसऱ्यांदा काहीतरी मेलं आहे, आणि या वेळी कडू घास आणायलाही कुणी येणार नाही.

आदल्या दुपारी फोन वाजला. सोनिकानं उचलला. परदेशातून वैदेही नावाची एक पोरगी बोलत होती. तिची आई सकाळी गेली होती. वडील मानेवाड्याच्या एका फ्लॅटमध्ये एकटे होते. गावचे चार लोक आले, घाटावरचं आटोपून परत गेले. हिचं विमान परवा पोचणार. इमारत नवी, कुणाची कुणाशी ओळख नाही.

"न्यायला कोण येणार?" सोनिकानं विचारलं. सवयीनं विचारलं. विचारल्यावर तिचं तिलाच लागलं असावं.

 मग ती पोरगी म्हणाली, "कोणीच नाही हो."

सोनिकानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला ओळखता आलं. नियम तिनं केला होता, सगळं घालवून केला होता, आणि आता तो नियम एका म्हाताऱ्याला उपाशी ठेवणार होता. फोनवर हात ठेवून ती म्हणाली, "बाबा, एवढ्या एका वेळी रिक्षानं पाठवून देऊ काय?"

"रिक्षात मी बसतो," मी म्हणालो. "मी काही कंपनीचा माणूस नाही. पगार देऊ नको मले."

तिनं स्वयंपाक केला. दोघांचाच, पण एवढ्या मन लावून करताना मी तिला पाहिलं नव्हतं. दिवेलागणीला मी मानेवाड्याला पोचलो. लिफ्टनं वर गेलो, बेल वाजवली. दार उघडलं ते माझ्याच वयाच्या माणसानं. अंगात बनियन, गळ्यात उपरणं, डोक्याची नुकतीच हजामत झालेली. दाराबाहेर पाटीवर गभणे असं नाव होतं.

"ठेवा तिथं," ते म्हणाले आणि दार लावायला थांबले.

मी चपला काढल्या आणि आत गेलो. ते माझ्याकडे पाहतच राहिले.

"किती झाले?"

"तुमच्या पोरीनं पाहून घेतलं ते. ताट कुठं आहे?"

"तुम्ही कोण?"

"वामनराव. सक्करदऱ्याले राहतो."

"आपली वळख नाही."

"नाही," मी म्हणालो. स्वयंपाकघरात जाऊन ताट शोधलं. दुसऱ्याच्या बायकोनं लावलेल्या मांडणीतून ताट काढताना हात जड होतो. कोणत्या ताटात काय वाढायचं हे ठरवणारी तिथं नसते. मी दोन ताटं घेतली, जमिनीवर ठेवली, भाकर मोडली, त्यावर पिठलं घातलं. ते तसेच उभे होते.

"मले भूक नाही," ते म्हणाले. परक्या माणसाला सांगतात तसं, हात जोडून.

"मलेही नव्हती," मी म्हणालो. "चैत्रात."

ते थांबले. पंखा फिरत होता, खाली कुणाची तरी गाडी लागत होती. मग त्यांनी विचारलं, "कोण?"

"सत्यवती. बायको."

ते भिंतीला धरत धरत खाली बसले. मी घास त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी बराच वेळ हातातच धरला, मग तोंडात घातला, आणि चावताना रडायला लागले. मीही माझ्या ताटातलं खात होतो आणि मलाही नीट दिसत नव्हतं. चैत्रापासून मी रडलो नव्हतो. ते त्या अनोळखी माणसाच्या घरी, त्याच्या बायकोच्या ताटात जेवताना व्हायचं होतं. मग त्यांनी तिचं नाव सांगितलं, सुहासिनी. ती भाकर कशी करायची तेही सांगितलं. सोनिकाच्या भाकरीपेक्षा पातळ, म्हणे. मी म्हणालो, असेल.

निघताना ते दारापर्यंत आले. मी चपला घालत असताना म्हणाले, "उद्या येता काय?"

"येतो," मी म्हणून गेलो.

लिफ्टमध्ये आठवलं की उद्या कंपनी नसणार आहे.

घरी आलो तर सोनिका खुर्चीजवळ उभी होती, सौरव टीव्ही लावून न पाहता बसला होता. जेवले का, तिनं विचारलं. जेवले, म्हणालो. मग म्हणालो, "उद्याचं मी कबूल करून आलो. सकाळचा डबा पाहिजे."

सौरवनं टीव्ही बंद केला. "बाबा, उद्या सकाळी तिले बुटीबोरीले जायचं आहे."

"मालूम आहे मले."

"एका माणसाच्या डब्यावर कोणती कंपनी चालते?" हे सोनिकानं विचारलं. रागानं नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं.

"मले नाही मालूम वं. मी खाणीतला माणूस. पण तो माणूस उद्या वाट पाहीन."

 सौरव तिच्याकडे पाहत होता आणि त्याला काय होणार ते माझ्याआधी कळलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली. सोनिकानं खुर्चीवरची निळी साडी उचलली आणि कपाटात ठेवून आली.

"भाकर पातळ आवडते त्यायले," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि ज्वारीचं पीठ चाळायला बसली.